मी विचारलंच नव्हतं, भावजी

भावजी, तुमच्या तेराव्याला माणसं फार चांगलं बोलली. अमझेऱ्याचे शेतकरी आले होते, कुक्षीहून ते जाड मिशीवाले पाटीदार आले होते, धारच्या बाजारातली निम्मी दुकानं त्या दिवशी उशिरा उघडली. कुणी म्हणालं, "मुकुंद भिया ने एक बार नाप ले लिया तो दुबारा फीता नहीं लगाना पड़ता था." कुणी म्हणालं, असा सरळ माणूस आता शोधून मिळायचा नाही. मी पंगतीत वाढत होते आणि ऐकत होते. मग तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाले, "सगळं चांगलं होतं त्याचं. फक्त त्या टीव्हीच्या वेळी तेवढा चुकला." दोन-चार माना हलल्या. माझ्या हातात जिलेबीचं ताट होतं. ते घेऊन मी पुढच्या पानाकडे गेले.

तुम्ही चुकला नव्हता. चुकले होते मी. नुसती चुकलेही नव्हते, चक्क खोटं बोलले होते, आणि ते खोटं तुम्ही कॅमेऱ्यासमोर आपल्या अंगावर घेतलंत. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक हार घातलेल्या फोटोत जाऊन बसलं आणि दुसरं जिलेबी वाढत फिरत होतं.

आता इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी तुमच्यावर लिहायला मलाच सांगितलंय. "मॅडम, तुम्ही त्यांच्या टीममध्ये होतात ना, जन्म, शिक्षण, कार्य असं दोन पानांत द्या." म्हटलं, देते. पण तसलं काही मी लिहिणार नाहीये. ज्यांना तुमची जन्मतारीख हवी असेल त्यांनी शुभाला विचारावं, ती तुमची बायको आहे, तिला पाठ आहे. मला जे पाठ आहे ते मी लिहिते. छापायचं तर छापा म्हणावं, नाही तर राहू द्या.

तुम्हाला आठवतं का, हे खूळ डोक्यात शिरलं ते तुमच्याच घरी, दिवाळीत. फराळाच्या ताटल्या घेऊन आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो आणि त्यावर रोबोटांची कुस्ती लागली होती. जाड पारदर्शक भिंतींचा आखाडा, आत दोन लोखंडी जनावरं, एकाला फिरतं पातं, दुसऱ्याला नुसतं उतरतं तोंड. घरातले सगळे पात्याच्या बाजूने. मीही. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये जन्मभर मोटरी उघडल्या-जोडल्या, मला त्या पात्याचा आवाजच पुरला. तुम्ही मात्र चकलीचा तुकडा हातात धरून म्हणालात, "वहिनी, हा पातंवाला हरणार." "का हो?" "तो उंच आहे. ज्याचं तोंड जमिनीला जास्त चिकटून, तो दुसऱ्याच्या खाली शिरणार. खाली शिरला की संपलं." आणि एका मिनिटात तो पातंवाला उताणा पडून हवेत चाकं फिरवत होता. मला असा राग आला की मी तुमच्याशी अर्धा तास भांडले. शेवटी तुम्ही म्हणालात, "अहो, मग आपणच करू या की एक. मोटर तुमची, बाकी माझं."

झालं. तेव्हापासून दर शनिवारी मी देवासहून बस धरायची, इंदूरला बदलायची आणि अकरापर्यंत धारला तुमच्या कारखान्यात. कारखाना कसला, सोयाबीन चाळायच्या मशिनी बनवायचं पत्र्याचं शेड. तिथे बाईमाणूस कधी आलं नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी एक स्टूल बनवून ठेवलं होतंत, माझ्या उंचीचं, पाय टेकायला आडवी पट्टी लावलेलं. गिऱ्हाईक आलं की मला पुढे करायचात, "ये हमारी भाभीजी हैं. मोटर का पूरा दिमाग इनका है." लॅबमध्ये वीस वर्षांत मला कुणी इतकं पुढे केलं नव्हतं हो.

स्पर्धेची नियमावली इंग्रजीत, चांगली चाळीस पानांची. ती मी वाचायची आणि मराठीत सांगायची, तुम्ही मांडी घालून पोथी ऐकल्यासारखे ऐकायचात. मध्येच हात वर. "परत वाचा ते." एकदा मी वैतागून म्हटलं, एवढं काय त्यात? तर म्हणालात, "जे लिहिलंय ते सगळ्यांनाच कळतं वहिनी. लिहायचं काय राहून गेलंय ते बघतोय." मला ते इतकं आवडलं! पण लगेच पुढचं वाक्य जोडलंत, आणि ते मला बिलकूल आवडलं नाही. "सापडलं की मात्र त्यांना विचारायचं. चोरी लपवून करतात, युक्ती दाखवून."

यावरूनच आपलं कारखान्यातलं पहिलं भांडण झालं, बारदानाच्या निमित्ताने. कल्पना माझी होती. जाळं टाकायचं नाही, दोर टाकायचा नाही, असा नियम होता, कारण त्यात समोरच्याचं पातं अडकतं. मी म्हटलं, आपण काही टाकायचंच नाही. आपल्या रोबोटला मंडीतल्या बारदानाचे सहा थर शिवून अंगरखा घालायचा. आपण निवांत उभे. समोरचा येऊन चावला की गोणपाटाच्या दशा त्याच्याच आसात गुंडाळल्या जाणार. "तो चावला त्याला आपण काय करणार?" तुम्ही हसता हसता खोकायला लागलात. म्हणालात, "वहिनी, तुम्ही चुकून मास्तरीण झालात, वकील व्हायला हवं होतं." महिनाभर आपण दाभण घेऊन तो अंगरखा शिवला. माझी बोटं सोलली. आणि मग तुमचं टुमणं सुरू, विचारा, विचारा. विचारलं मी. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. अडकवण्याच्या हेतूने लावलेली कोणतीही वस्तू चालणार नाही, फेकलेली असो वा पांघरलेली.

मी आठवडाभर धुमसत होते. तुम्ही मात्र शांतपणे शिवण उसवत बसलात. "बरं झालं, इथेच कळलं. तिथे जाऊन कळलं असतं तर?" मी म्हटलं, तिथे जाऊन मी त्यांच्याशी वाद घातला असता, आणि जिंकले असते. नियमात बसत होतं ना? मग परवानगी कशाला? तुम्ही म्हणालात, "नियमात बसतं, मग विचारायला भीती कशाला?" यावर मी काहीतरी फटकन बोलले असणार, मी नेहमीच बोलते.

मग ते लोहारदा गाव. तुमची नवी चाळणी तिथल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात बसवायची होती, आणि वाटेत मला देवासहून उचललंत. मशीन ठेवली, तिच्या पायांचे बोल्ट आवळायचे राहिले होते आणि त्या व्यापाऱ्याला भारी घाई, त्याने बटण दाबलं. चाळणी हलायला लागली आणि बघता बघता मशीन जागेवरून निघाली! ठम ठम ठम करत थेट दरवाज्याकडे. हमाल "अरे भागी, भागी" करत बाजूला पळाले. व्यापारी ओरडतोय, "भिया, पकड़ो इसको!" आणि तुम्ही? तुम्ही उकिडवे बसून तिचे पाय बघत होतात. बटण मी जाऊन बंद केलं. तुम्ही वर बघितलंत तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला होता. "वहिनी, पाहिलंत? ही चालली. हिला चाकं नाहीत."

नियमावलीतलं ते कलम आपल्या दोघांनाही पाठ होतं. चाकांवर पळणाऱ्या रोबोटला साठ किलोची मर्यादा, पायांनी चालणाऱ्याला नव्वद, कारण पाय बनवणं अवघड आणि ते संथ चालतात. पायांनी चालणारा म्हणजे काय, तर ज्याचा कोणताही फिरणारा भाग जमिनीला लागत नाही तो. एवढंच लिहिलं होतं. चाळणीचा हिशेब सोपा. चकतीला भोक मधोमध न पाडता जरा बाजूला पाडायचं, म्हणजे ती फिरताना वर-खाली होते. अशा चकत्या एका दांड्यावर ओवल्या आणि त्यांच्या खाली लोखंडी खडावा लटकवल्या की खडावा उचलणार, पुढे पडणार, उचलणार, पुढे पडणार. जमिनीला लागणार ती खडावच. फिरणारं सगळं वर. तीस किलो फुकट! त्या तीस किलोत पुढे बोटभर जाडीची लोखंडी पाटी आणि आडवा फिरणारा असा जड रूळ, की ज्याला लागेल त्याची हाडं मोजायची. तिचं नाव आपण ठमी ठेवलं.

तुम्ही पत्र्यावर खडूने नकाशा काढलात, मी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. मेलचा मजकूर तुम्ही सांगितलात, मी इंग्रजीत केला. अमुक अमुक असे पाय आहेत, हे चालणारे धराल का, कृपया कळवावे. "घरी जाऊन पाठवते," मी म्हटलं. बसमध्ये खिडकीशी बसून मी तो परत वाचला. पाठवायच्या खुणेवर अंगठा होता माझा. आणि मला ते दोन ओळींचं उत्तर दिसायला लागलं. परत नाही म्हणतील. परत उसवत बसायचं. मी फोन पर्समध्ये टाकला.

पुढच्या शनिवारी मी चपला काढते न काढते तोच तुम्ही विचारलंत, "आलं का उत्तर?"

"आलं. हो म्हणाले."

एवढंच. मला श्वासही घ्यावा लागला नाही. तुम्ही लगेच देवाच्या तसबिरीला हात जोडलेत, कोपऱ्यावरून कचोऱ्या मागवल्यात आणि त्याच दुपारी पहिला पत्रा कापलात. मी स्टुलावर बसून कचोरी खाल्ली. चविष्ट होती, भावजी. हेच मला सगळ्यात जास्त छळतं, की मला ती कचोरी चांगली लागली.

सात महिने तुम्ही त्या ठमीवर घालवलेत. चाळण्यांची गिऱ्हाइकं परत पाठवलीत. मी दर शनिवारी स्वतःला सांगायची, काही होत नाही, नियमात बसतंय, हरकत घेतलीच तर मी आहे ना वाद घालायला. तुम्ही पाहिली होतीत माझी जीभ. तीच ऐन वेळी टाळूला चिकटली.

चित्रीकरण पुण्याजवळ, एका भल्यामोठ्या शेडमध्ये. मी तो दिवस विसरायचा फार प्रयत्न केला. तपासणीला एक बाई होत्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या, हातात यादी. काट्यावर ठमी एकोणनव्वद किलो भरली. त्या खाली वाकल्या, टॉर्च मारला, दांडा हाताने फिरवून बघितला. आणि तुम्हाला म्हणाल्या, "अंकल, दिमाग तो बढ़िया लगाया है. पर ये वॉकर नहीं है. सारे पाँव एक ही घूमते डंडे पर टँगे हैं. हम इसको पहिया ही मानेंगे. आपने पहले पूछा था हमसे?"

कॅमेरा तुमच्या तोंडाशी आला. तुम्ही किती सहज हसलात! "हाँ जी, पूछके ही आए हैं. हमारी भाभीजी ने लिखा था. आपने हाँ बोला था."

बाईंनी फोनवर शोधलं. "पिछला बोरेवाला है आपका. इसका तो कुछ नहीं आया."

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. मी हातातल्या पकडीकडे बघत होते. पकड होती माझ्या हातात, तिची मूठ लाल होती, मी तिच्यावरचा ओरखडा बघत होते. तुम्ही किती वेळ पाहिलंत मला माहीत नाही, कारण मी मान वर केलीच नाही. पण त्या वेळात तुम्हाला सगळं कळलं. मग तुमचा आवाज आला. "नहीं मैडम, गलती मेरी है. भाभीजी ने तो लिखके दे दिया था. भेजना मेरे को था, मैंने ही नहीं भेजा. मना कर देते आप, इसलिए जानबूझके नहीं भेजा. और इनको बोल दिया कि हाँ आ गया."

माझाच गुन्हा तुम्ही जसाच्या तसा सांगितलात, फक्त नाव बदललंत.

का केलंत ते मला ठाऊक आहे. तुमच्या घरात ते बाळकडूच होतं. पूर्वजांच्या धार दरबारच्या नोकरीपासून चालत आलेली रीत, वहिनीचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नाही. लग्न होऊन मी धारला आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात, आणि मी भाजीत दोनदा मीठ टाकलं तर पाहुण्यांसमोर म्हणालात, मीच टाकलं, मला अळणी लागली म्हणून. तेव्हा मी किती हसले होते. मला वाटायचं, ही रीत म्हणजे भाजीच्या मिठापुरती असते.

संध्याकाळी सहापर्यंत साठ किलोत बसवा, नाही तर परत जा, असं त्या म्हणाल्या. तुम्ही ग्राइंडर काढलात आणि स्वतःच्या हाताने ठमी सोलायला बसलात. पुढची पाटी गेली. बाजूच्या पाट्या गेल्या. सात महिन्यांत बसवलेलं दुपारभरात उतरवलंत, आणि एक कॅमेरावाला ते सगळं टिपत होता. मी बाजूला उभी. बोलायला चार तास होते माझ्याकडे. अख्खे चार तास! तुम्ही एकदाच मान वर केलीत, "वहिनी, डोळ्यांना चष्मा लावा, ठिणग्या उडतायत." मी चष्मा लावला.

लढत दीड मिनिटात संपली. उघड्या अंगाच्या ठमीला पहिल्याच फटक्यात आडवं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्हीपण वाजवल्यात, समोरच्या पोरींच्या टीमला जाऊन हात मिळवलात. परतीच्या जीपमध्ये मी नर्मदा ओलांडेपर्यंत तोंड उघडायचं ठरवत होते. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "जाऊ द्या वहिनी. रुळाचं बेअरिंग मात्र तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं, मी उगाच अडून बसलो." आणि डोकं टेकून झोपलात. नाही, डोळे मिटलेत. झोपला नव्हतात.

मग तो भाग टीव्हीवर लागला, रविवारी दुपारी. तुम्ही आणि शुभा मुद्दाम देवासला आला होतात, भुट्ट्याचा कीस करून घेऊन. चॅनेलवाल्यांनी तुमचं ते "जानबूझके नहीं भेजा" तीनदा दाखवलं, ढोल वाजवून, तुमच्या तोंडाभोवती लाल चौकट काढून. यांनी टीव्ही बंद केला. यांचा राग तुम्हाला माहीत आहे, आवाज चढत नाही, उलट खाली जातो. "मुकुंद, तू नियम मोडलास ते एक वेळ सोड. पण घरच्या बाईला खोटं सांगितलंस, आणि सगळ्या देशासमोर तिला खाली बघायला लावलंस. आपल्या घरात असं कधी झालं नव्हतं."

ज्या रितीसाठी तुम्ही खोटं बोललात तीच रीत यांनी तुमच्यावर उगारली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात तुमच्याच किसाचा डबा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला अडचण नको म्हणून. नुसतं म्हणालात, "चुकलो, दादा." हे म्हणाले, "आता काही दिवस येऊ नकोस इकडे." मी आत जाऊन डबा ओट्यावर ठेवला आणि नळ सोडला, आवाज व्हावा म्हणून.

आता खरं सांगते, कारण इथवर आलेय तर अर्धं कशाला ठेवू. मला नुसती भीती नव्हती. मला ते बरंही वाटलं होतं. कॉलेजात सगळ्या म्हणायच्या, बिचाऱ्या मॅडम, दिराने फसवलं. प्राचार्यांनी बोलावून धीर दिला. हे माझ्याशी इतके मऊ वागायला लागले, की लग्नानंतर कधी वागले नव्हते. संध्याकाळी स्वतः चहा करायचे. तो चहा मी प्यायची. एकेक दिवस गेला तसं सांगणं जड होत गेलं, आणि मी चक्क तुमच्यावरच चिडायला लागले, की तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला!

इकडे धारमध्ये बाजाराला तुमचं खेळणं मिळालं होतं. तुम्ही चहा मागवला की, "भिया, परमिसन ली क्या?" पान मागितलं की, "पहले मेल करो, भिया." तुम्ही हसायचात म्हणे. परवा शुभाने सांगितलं, की पुढे तुम्ही त्या टपरीवर जाणंच सोडलंत, शेडमध्येच स्टोव्ह आणलात. वीस वर्षं एका टपरीवर चहा पिणारा माणूस शेडमध्ये एकटा चहा उकळून प्यायचा. हे मला कुणी आधी सांगितलं नाही. पण मी तरी कुठे विचारलं?

संक्रांतीला शुभाच्या हळदीकुंकवाला मी एकटीच धारला आले होते. तुम्ही ओसरीवर होतात, केस किती पिकले होते. मी तिळगूळ दिला आणि म्हटलं, "भावजी, मी सांगते यांना." तुम्ही तिळाचा लाडू फोडत म्हणालात, "कशाला? दादाचा राग आहे, गणपतीपर्यंत उतरेल. माझ्यावर तो लहानपणापासून रागावत आलाय, मला सवय आहे." मी एकदासुद्धा नाही म्हटलं नाही. "बघा हं, तुम्हीच म्हणताय," असं म्हटलं मी. देवा! "तुम्हीच म्हणताय." जशी काही मी तुमच्यावर उपकार करून गप्प बसणार होते. परतताना बसमध्ये मला चार महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

गणपती आले, गेले. दिवाळी आली, गेली. आणि मग एक दिवस सकाळी अकराला तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवलात आणि बसल्या जागी कलंडलात. शुभाचा फोन मी घेतला. हे वर्गात गणित शिकवत होते, त्यांना मी शाळेत जाऊन सांगितलं. देवास ते धार, पूर्ण रस्ताभर ते एकच बोलत होते, "बोलायचं राहिलं गं. बोलायचं राहिलं."

मी तेव्हाही गप्प.

तेराव्याच्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी फोनमधले जुने न पाठवलेले मेल उघडले. तो मेल तिथेच होता. तुमचा खडूचा नकाशा, पत्र्यावर तुमच्या बुटाचं टोक. वेड्यासारखा मी तो पाठवून दिला. वर एवढंच लिहिलं, की हे मागेच पाठवायचं होतं, ते मुकुंदरावांनी नाही, मी दडवलं होतं, आणि आता ते नाहीत. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. त्याच बाईंचं असावं, नाव नव्हतं. आधी दोन चांगले शब्द तुमच्याबद्दल. मग लिहिलं होतं, आम्हाला आधी विचारलं असतं तर आम्ही एवढंच सुचवलं असतं, की सगळे पाय एका दांड्यावर न टांगता प्रत्येक पायाला वेगळी मोटर द्या. तसं असतं तर नव्वद किलोत घेतलं असतं.

सहा पाय. सहा मोटरी. मोटरी माझ्या होत्या, भावजी. तुम्हाला पत्र्याचा एक तुकडा बदलावा लागला नसता. पंधरा दिवसांचं काम, तेही माझं. तुमची युक्ती खरी होती. विचारलं असतं तर ठमी त्या आखाड्यात पूर्ण चिलखत घालून, ठम ठम करत चालली असती, आणि देशाने तुमच्या तोंडाभोवती दुसरीच चौकट पाहिली असती.

ते उत्तर वाचल्यावर मला घरात बसवेना. हे अंगणात वर्तमानपत्र उलगडून बसले होते, वाचत नव्हते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बसमधला अंगठा, "हो म्हणाले", पकडीची लाल मूठ, सगळं. मध्ये रडले नाही, कारण रडले असते तर यांनी मला समजावलं असतं, आणि तेवढी अक्कल मला शेवटी आली होती.

यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग खाली बघूनच म्हणाले, "पाडव्याला त्याचा फोन आला होता. दोनदा वाजला. मी पालथा घालून ठेवला."

मी म्हटलं, "माहीत आहे. मी समोर होते."

"तुझ्यासाठी नाही उचलला मी," ते म्हणाले. "मला वाटलं, मी तुझी बाजू घेतोय."

त्यानंतर ते उठून आत गेले. दोन दिवस झाले. समोर ठेवलेला चहा पितात, कप स्वतः विसळून पालथा घालतात. शाळेत जाताना "येतो" म्हणत नाहीत. मी काही विचारलं तर मान हलवतात, होकार की नकार ते मला कळत नाही. शुभालाही मी सगळं सांगितलंय. तिचा फोन आला होता, म्हणाली, जाऊबाई, मी बोलू का मोठ्या भाऊजींशी? मी तिला नको म्हटलं. चौदा महिने तुम्ही जो अबोला सोसलात तो माझा होता, भावजी. तो आता माझ्याकडे आलाय, आणि या वेळी मी तो कुणालाही घेऊ देणार नाही.